मायच्या हातच्या वड्या

प्रिय माय,

अकोल्यावरून तुह्या पौर्णिमाचा पाया पडून नमस्कार. आमी सगळे मजेत आहो, काळजी करू नको. बाबाचा खोकला थांबला का? संत्र्याले यंदा फळ कसं आहे?

फोनवर बोलाले गेलं की सासूबाई बाजूलेच असतात, म्हणून ही चिठ्ठी गावाकडं येणाऱ्या किशोरदादाच्या हाती धाडून राहिली.

मह्या मुगवड्या चांगल्या खपून राहिल्या. पण गिऱ्हाईक पहिले विचारते, "हात कोणाचा?" अन् तीन वर्षांपासून मी सांगते, "मायच्या हातच्या आहेत." मह्या म्हटलं अन् एखाद्या वेळी बिघडल्या तं लोक मले हसतील, असं वाटे. तुह्या नावामागं लपणं सोपं होतं.

आता इथल्या बायकांनी ठरवलं, की रविवारी तुले बोलवायचं, साडीचोळी करायची अन् तुह्याकडून वड्या शिकायच्या. मी हो म्हणून बसली. तवापासून डाळ वाटतानी मीठ दोनदा टाकून बसते. सासूबाई म्हणतात, आता खरं सांगशील तं गिऱ्हाईक तुटतीन.

अन् तुह्या वड्या तं इतक्या टणक, की बाबा रातभर भिजवून खात, आठवते? म्हणूनच मी शिकली.

तरी तू ये. नवं लुगडं नेसून ये. त्यायनं हात कोणाचा म्हणून विचारलं, की मह्याकडे बोट दाखव. मी नाही म्हटलं तरी बोट खाली घेऊ नको.

तुही,
पौर्णिमा