सनदच्या घरी कुणी गेलं नाही

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

फक्त घडलं ते. मत नाही.

१. सकाळी ८.५०. बागेतली शुक्रवारची धाव संपली. नोंदवहीत आलेले एकशे बारा, गेलेले एकशे अकरा. सनद राहिला होता.
२. सामानाच्या खोलीचं दार आतून बंद. मी तीनदा ठोठावलं.
३. साधारण दोन मिनिटांनी धावणं शिकवणाऱ्या उस्ताद अबू वद्दाहनी उघडलं. आत ते आणि सनद, तिसरं कुणी नाही.
४. सनदचा शर्ट उलटा. धावताना सुलटा होता, फोटोत दिसतो.
५. उस्ताद म्हणाले, "गुडघा खरचटला होता त्याचा. पट्टी बांधत होतो."
६. गुडघ्यावर पट्टी नव्हती. खरचटलेलंही नव्हतं.

सनद बावीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. रस्ता एकट्याने ओलांडता येत नाही. दर शुक्रवारी मला बघितलं की लांबूनच ओरडतो, "हनीन, किती मिनिटं?" आज विचारलं नाही. मीच सांगितलं — एकेचाळीस. त्याने मान वर केली नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर

मुंतसिरला कालच्या नोंदीचा कागद दिला. धाव त्याने सुरू केली, आम्ही सगळे स्वयंसेवक त्याच्या हाताखाली. सुरक्षेचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाला नको होतं.

"हनीन, उस्तादांनी अर्ध्या इर्बिद शहराला पळायला शिकवलंय! मलासुद्धा!"

"बंद दाराआड कुणी एकट्याने मुलांबरोबर, सनदसारख्यांबरोबर थांबायचं नाही, हा आपला नियम आहे. खाली तुझी सही आहे."

"तू इस्पितळात यंत्रं तपासतेस गं. माणसं म्हणजे यंत्रं नव्हेत."

"यंत्रावर शंका आली की आम्ही ते आधी रोग्यापासून काढतो. बिघाड मग शोधतो. चौकशी होईपर्यंत उस्ताद येणार नाहीत, एवढंच मागतेय."

"आणि काही निघालं नाही तर? म्हाताऱ्याने तोंड कुठे लपवायचं?"

पण काही निघालं तर सनदने कुठे जायचं?

रविवार, ९ ऑक्टोबर

फोनवर धावेच्या गटात उस्तादांचा संदेश: "येत्या शुक्रवारी धावेची वेळ नेहमीसारखी मीच मोजणार." सोबत गुलाबाचं चित्र. खाली चौतीस लाल बदाम.

सोमवार, १० ऑक्टोबर

जाहा, म्हणजे समेट मागायला येणारी वडीलधारी मंडळी, आली. आमच्या घरी!

कुणाचा खून नाही, कुणाचं लग्न जमवायचं नाही. माझ्या एका कागदासाठी अकरा प्रतिष्ठित पुरुष, कडक इस्त्रीचे झगे घालून, दिवाणखान्यात ओळीने. बाबा दारापर्यंत धावत गेले. तेही धावेला पाणी वाटतात, उस्तादांच्या शेजारीच उभे असतात.

कॉफी मी केली. वेलदोडा जास्त पडला.

हाजी नवाफनी पेला समोर ठेवला. बाबांना म्हणाले, "अबू कुसय, आमचं मागणं मान्य झाल्याशिवाय हा ओठाला लागणार नाही. पोरीचा कागद मागे घ्या. एका शिक्षकाची अब्रू आहे."

मी स्वयंपाकघराच्या दाराआड. घड्याळात बघत होते. चाळीस सेकंद.

मग बाबांचा आवाज. "प्या, हाजी. थंड होतेय."

अकरा पेले उचलल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "झालं. आता गप्प बस. बापाने शब्द दिलाय."

मला कुणी विचारलं नाही. मी चिडले होते. पण काहीतरी दुसरंच खटकत होतं, ते हे लिहिताना सापडलं. जाहा जाते ती ज्याचं नुकसान झालंय त्याच्या दारात. माझं काय गेलं होतं?

मंगळवार, ११ ऑक्टोबर

कामावरून थेट उम्म सनदकडे, सनदच्या आईकडे. ती गिऱ्हाइकासाठी द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होती. सगळं सांगितलं. तिची बोटं थांबली नाहीत.

"तुमच्याकडे आले अकराजण?"

"हो."

"माझ्याकडे एकही नाही." एक पान फाटलं, बाजूला ठेवलं. "विधवेकडे कशाला येतील? पेला कुणासमोर ठेवणार?"

मग हळू आवाजात — "शुक्रवारपासून आंघोळीला दार लावू देत नाही. बाहेर बस म्हणतो, मला दिसशील अशी बस. मी विचारलं, काय झालं रे माझ्या राजा. म्हणाला, उस्ताद म्हणाले सांगायचं नाही."

पाणी मागितलं.

"लिही," ती म्हणाली. "माझं नाव घाल. अंगठा नको, मला सही येते."

भात झाकून ठेवला. सनदला घेऊन तिघं कुटुंब संरक्षण कार्यालयात गेलो. दोन तास. तिथल्या बाईने सनदला आधी विचारलं, दार उघडं ठेवू की लावू? उघडं, म्हणाला.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर त्याने माझं घड्याळ धरलं. "किती मिनिटं?"

बुधवार, १२ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं: कॉफी आपल्या घरी प्यायली गेली, पण माफ करायचा हक्क आपला नव्हता. ओरडतील म्हणून मी तयार होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "जानेवारीत सामानाच्या खोलीचं ते दार मीही बंद बघितलं होतं. आत एक लहान पोर रडत होतं. मी पाण्याचं खोकं दाराशी ठेवलं आणि निघून आलो." मग कागद मागितला, स्वतःच्या हाताने लिहिला, सही केली. तो माझ्या कागदाला जोडून मुंतसिरला कळवलंय: उस्ताद अबू वद्दाह शुक्रवारी बागेत नसतील, असं लेखी उत्तर उद्या, गुरुवार, १३ ऑक्टोबर, दुपारी चारपर्यंत द्यावं.