शेजारच्या ताऱ्याचा घोटाळा

प्रिय व्हर्नाताई,

डोंगरावरच्या वेधशाळेतून लायलचा वाकून नमस्कार. (वाकता येतं अजून, सरळ व्हायला मात्र वेळ लागतो.) दाजींचा गुडघा काय म्हणतो? कोंबड्यांचा तुझ्यावरचा राग निवळला का? यंदा थँक्सगिव्हिंगला टर्की केवढी आणणार, जेवायला किती माणसं, ते लांब टेबल अजून डुगडुगतं का, हे आपलं सहज विचारतो. मी इथे मजेत आहे. माझं दुपारी चारला उजाडतं. भोजनगृहात सभ्य माणसं हिरव्या मिरचीचा रस्सा ओरपत असतात तेव्हा मी अंडी मागतो.

आमच्या धंद्याची अडचण तुला एकदा सांगायचीच होती. तारा म्हातारा होताना कुणालाच दिसत नाही, तेवढं आयुष्यच नसतं आपल्याला. म्हणून आम्ही एक तान्हा तारा इथून, एक तरणा तिथून, एक पिकलेला पलीकडून घेतो, त्यांना रांगेत उभं करतो आणि ताऱ्याचं चरित्र म्हणून खपवतो. (नाताळला तू मुलांचा फोटो पाठवतेस, त्यावरून मी भाचरांचं आयुष्य असंच जुळवतो. मधल्या वर्षात ड्वेनला मिशा फुटल्या, त्या कधी फुटल्या ते मला कळलंच नाही. फार वाईट वाटलं, खरं सांगतो.) पण माझा एक लाल, सुजलेला, अगदी पिकलेला तारा आहे. तो माझ्या डोळ्यांदेखत अंगावरची वायूची कवचं टाकून मरेल, या आशेवर मी इथे केस पांढरे केले.

आणि गेल्या दोन वर्षांत तो मंद व्हायला लागला! ताई, मी हवेत होतो. आता उजेड कमी झाला हे ताऱ्याकडे नुसतं बघून ठरवता येत नाही, कारण हवा एक दिवस स्वच्छ, एक दिवस धुळीची. म्हणून शेजारचा एखादा गुणी, कधी न बदलणारा तारा धरायचा आणि त्याच्याशी आपला ताडून बघायचा. मीही धरला होता. सगळ्यांना बोलावलं, पाय कापला, ताऱ्याच्या अंतकाळावर भाषण ठोकलं. (पाय म्हणजे भोपळ्याचा, गोड. घाबरू नकोस.) माझ्या शेजारच्या खोलीत बसणारी रोझलिंड तफोया दुसरा तुकडा खाता खाता म्हणाली, "लायल, तुझा म्हातारा ठणठणीत आहे रे. तो शेजारचा उजळतोय. मी दुसऱ्या चार ताऱ्यांशी ताडून बघितलं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"पाय संपायचा होता ना."

सगळे हसले. मीही हसलो, त्यांच्यापेक्षा मोठ्याने. मग खोलीत जाऊन पडदे ओढले आणि दाराला 'दिवसा झोपणारा आहे, आवाज करू नये' ही पाटी लावून दिवसभर जागा राहिलो.

खरी पंचाईत पुढेच आहे. ज्याला बायकोमुलं नाहीत त्याने सणाच्या रात्री दुर्बिणीवर काढायच्या, असा इथला न लिहिलेला कायदा. वेळापत्रक लागतं आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यासमोर माझं नाव असतं, कुणी विचारतसुद्धा नाही. परवा रोझलिंड आली. "तुझा तारा काही मरत नाही. त्या रात्री मला दे, मला तो शेजारचा बघायचाय. पोरं आपापल्या सासुरवाडीला चाललीत, मला तरी घरी काय काम? तू जा घरी."

मी म्हटलं, "कुठल्या घरी?"

ती म्हणाली, "बहीण आहे ना तुला नेब्रास्कात? का तीही उजळली आणि तुला पत्ता नाही?" अशी तिरकी बाई आहे. पण चांगली आहे.

तर माझ्या नोकरीत पहिल्यांदाच तो आठवडा रिकामा आहे. काहीतरी करीन. कपाट आवरायचं आहेच. सगळ्यांना माझी आठवण सांग, धाकटीचा पापा घे (ती आता कॉलेजात असली तरी घे), आणि कोंबड्यांना माझ्याकडून दोन शब्द सुनाव.

तुझा,
लायल

ता. क. टर्कीचं खरंच सहज विचारलं होतं. त्यातून काही अर्थ काढू नकोस.

ता. क. २. काढ. तुमच्याकडे यायचं आहे मला, ताई, फार यायचं आहे. तुमच्या ओमाहाचं विमानाचं तिकीट काढून बसलोय. पण न बोलावता कसा येऊ? पूर्वी तू दरवर्षी फोन करायचीस, मी दरवर्षी "जमणार नाही, फार काम आहे" म्हणायचो, आणि मग तू विचारायचं सोडलंस, ते बरोबरच केलंस. यंदा एकदा फोन कर. मी तोंडाच्या सवयीने "जमणार नाही" म्हणून जाईन. तेव्हा फोन ठेवू नकोस. पुन्हा विचार.