आरशाच्या खटल्यातली खोटी साक्षीदार

३ जून, दुपारी
देवासमोर बसून ठरवलं. सूड घ्यायचा, पण ओवीत. ग्रंथालयाच्या बाईंना मुलांसाठी गाजलेल्या खटल्यांवर काव्यकादंबऱ्या हव्या आहेत. माझी नायिका: तीनशे वर्षांपूर्वी राजवाड्यातला आरसा फोडल्याचा आळ आलेली दासी. खोटी साक्षीदार: हुबेहूब थोरल्या जाऊबाई. अकरा वर्षांपूर्वी काचेचा जग फुटला, तेव्हा सासूबाईंच्या देखत "हिनंच फोडला" म्हणाल्या होत्या. मी तो फक्त ओट्याच्या काठावर ठेवला होता. पडला आपणहून.

७ जून
साक्षीदारणीच्या ओव्या झाल्या एकशे चार. घोगरा आवाज, हनुवटीवर तीळ, लोकांच्या कोठारात डोकावायची खोड. आमच्या ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अगं, ही तर वहिनी!" म्हणजे जमलंय.
कुणाबद्दल वाईट चिंतायचं नाही, हा नेम उद्यापासून.

१२ जून
वही संपली. दुसरी आणणं म्हणजे उधळपट्टी. दासीचा बचाव पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चार ओव्यांत बसवला. निर्दोष माणसाला बोलायचं असतंच काय?

१५ जून, सकाळी ९
आज ग्रंथालयात वाचन. निकाल मुद्दाम लिहिलेला नाही. तो मुलंच चिठ्ठ्या टाकून ठरवतील. जाऊबाईंना आग्रहानं बोलावलंय, सासूबाईंनाही. मुलं "निर्दोष" म्हणाली की उठायचं आणि त्या काचेच्या जगाचा विषय काढायचा. दोन दिवस मोठ्यानं तालीम केली. घसा जरा धरलाय.

संध्याकाळी
तिसऱ्या पानावर आवाज गेला. बाईंनी वही दिली कुणाच्या हातात, तर जाऊबाईंच्या! त्यांनी साक्षीदारणीची अशी नक्कल केली की पोरं हसून लोळली. "आणखी एकदा!" वर मलाच म्हणतात, "अगदी आपल्या आत्याबाई उभ्या केल्यास गं!"
बचाव वाचला तेव्हा बहुतेक मुलं पाणी प्यायला गेली होती.
दोषी चोवीस. निर्दोष एक.
एक चिमुरडी म्हणाली, "ती नुसती रडते. मी फोडला नाही असं कुठं म्हणते?" चारही ओव्या तपासल्या. खरंच म्हणत नाही.
ती एक चिठ्ठी जाऊबाईंची निघाली. "मी सोडली बाई तिला. काचच ती, फुटायची. तुझ्या हातून नव्हता का फुटला तो जग?"
सासूबाईंनी विचारलं, "कुठला जग?"
अकरा वर्षं त्यांच्या लक्षातही नव्हता. मग बसलेल्या आवाजात मीच सगळं सांगितलं. ओट्याच्या काठासकट.
"म्हणजे तूच फोडलास की," म्हणाल्या.