आंघोळीआधीचं ब्लड प्रेशर

आई, तुझं ब्लड प्रेशर खरंच वाढत होतं. हे मान्य करायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि त्यासाठी तुझं दुखणं माझ्याकडे यावं लागलं.

जे. पी. नगरच्या त्या अरुंद स्वयंपाकघरात फोडणी देता देता तू एकदम थांबतेस. चेहरा पांढराफटक, अंग घामाने चिंब, छातीत धडधड, डोकं दोन्ही हातांत. अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "झालं हिचं सुरू." मी विचारतो, "आज कुणाकडचं जेवण चुकवायचंय?" सगळे हसतात. तू सोडून.

दवाखान्यात जायचं तर तुझा नियम ठाम होता : डॉक्टरांपुढे घामेजलेलं जायचं नाही. आधी आंघोळ, मग इस्त्रीची साडी, वेणी, मग रिक्षा. तोवर झटका ओसरलेला असायचा. कानडी डॉक्टर प्रेशर बघून म्हणायचे, "सगळं सरी, ठीक आहे अम्मा, स्वल्प टेन्शन कमी करा." परतताना रिक्षात तूच आमची माफी मागायचीस. अशाच एका झटक्यात तू गेलीस, तेव्हा आंघोळीलाही वेळ मिळाला नाही.

यंदा ते सगळं मला सुरू झालं. डॉक्टरीणबाई नागपूरच्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. तिसऱ्या खेपेलाही प्रेशर नॉर्मल आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, घरून निघण्याआधी काय करता?"

"आंघोळ. इस्त्रीचा शर्ट."

"म्हणजे आजाराला घरी ठेवून तुम्ही एकटेच येता!"

त्यांनी मनगटाला पट्टा बांधला. तो दिवसभर आपोआप प्रेशर मोजतो, झटका आला की वरचं बटण दाबायचं. चौथ्या दिवशी अवरेकाईच्या शेंगा सोलताना झटका आला. बटण दाबलं आणि सवयीने आंघोळीला गेलो. दवाखान्यात पुन्हा सगळं सरी. पण पट्ट्याने आंघोळीआधीच सगळं टिपून ठेवलं होतं. मग लघवीची तपासणी झाली, स्कॅन झाला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ निघाली. क्वचितच होते म्हणे. मनात येईल तेव्हा रक्तात हार्मोन सोडते आणि प्रेशर भडकवते. औषधांनी सध्या तिला गप्प बसवलंय, पुढच्या आठवड्यात काढतील. मी घाबरलेलो नाही. या घरात माझ्याहून वरचा आवाज मी कुणाला लावू दिलेला नाही, गाठीला काय लावू देणार?

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं व्हायचं? त्यावरून मुलीलाही तपासायचं का ते ठरेल." मी म्हणालो, "आईला." आणि सगळं क्रमाने सांगितलं : आधी कुठला हात थरथरायचा, ओठ कधी पांढरे पडायचे, किती वेळाने तू पाणी मागायचीस. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "इतकं बारीक कसं लक्षात राहिलं हो, काका?"

"लेखक आहे, निरीक्षण असतं," मी ऐटीत म्हणालो.

लेकीची तपासणी सोमवारी आहे. हे पत्र तिलाही दाखवणार नाही, कारण ती निरीक्षणाची गोष्ट खोटी आहे. लग्नाकार्यात लोक आग्रह करायचे आणि मी तुझी नक्कल करून दाखवायचो. चांगली वठावी म्हणून तुला झटका आला की दारात उभा राहून बघत असे.