जावाची झोळी

मी, भाईदास आधार बैसाणे, वय ७७ वर्षे, धंदा पूर्वी सिनेमाचा ऑपरेटर व हल्ली खोकणे, राहणार साक्री रोड, धुळे, हे कागद स्वतःच्या हाताने लिहितो. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याबाबत माझ्या मुलाचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही. मजवर कोणाचा दबाव नाही. मला दाबण्याचा प्रयत्न आजवर फक्त पत्नीने केला, तोही माझ्या भल्यासाठी.

कलम १. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझ्यामागे पत्नी कमलबाई हिचे. तिच्यामागे मुलगा संघपाल याचे. पोस्टातली ठेवही कमलबाईची. मी गेल्यावर घरी बुद्धवंदना घ्यावी आणि सर्वांनी जेवावे. भाषणे नकोत. ज्यांना माझ्याबद्दल चांगले बोलायचे आहे त्यांना पन्नास वर्षे सवड होती.

कलम २. माळ्यावरच्या हिरव्या पत्र्याच्या पेटीत एक कापड आहे. रंग निळसर तपकिरी, त्यावर वेलबुट्टी, लांबी साधारण पाच हात, एका टोकाला रफू. घरात त्याला सगळे 'पिढीजात झोळी' म्हणतात. माझी नात, संघपालची मुलगी स्नेहल, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे आणि 'नाना, मला तीच झोळी हवी' असे तिने चारदा सांगितले आहे. तिला मी चारदा 'बघू' म्हणालो. आता लिहून देतो की ते कापड या घरात पुन्हा कोणी टांगू नये. कारण कलम ५ मध्ये आहे. घाई असेल त्याने तिथे उडी मारावी. संघपालने मात्र कलम ४ गाळू नये.

कलम ३. सोळा एमएमचा प्रोजेक्टर, दोन भिंगे, रिळे गुंडाळायचा हात आणि फिल्म जोडायची कात्री. यांच्यावर मी जगलो. फिरत्या टॉकीजचा तंबू आम्ही सोनगीर, साक्री, पाचोरा असा बाजाराच्या दिवसांप्रमाणे हलवत असू. इंग्रजी लढाईचे सिनेमे मालकाला स्वस्तात मिळत. लोकांना इंग्रजी कळत नसे, म्हणून ऑपरेटरनेच माईक हातात घेऊन आपल्या बोलीत गोष्ट सांगायची अशी पद्धत होती. मलाही इंग्रजी येत नव्हते. त्याने काही बिघडले नाही.

या सिनेमांचा साचा ठरलेला. गोरी पलटण दुसऱ्याच्या मुलखात जाते आणि गाव जाळते. गाव जळायला दोन मिनिटे लागतात. मग साहेबाला वाईट वाटते, आणि त्या वाटण्याला दीड तास लागतो. तो दारू पितो, आरशात पाहतो, बायकोला पत्र लिहितो, फाडतो, पुन्हा लिहितो. ज्यांचे गाव जळाले त्यांतल्या एकाला तरी तोंड उघडायला मिळते का, तर मिळते. किंचाळायला. मी साहेबाच्या रडण्याला असे शब्द देत असे की साक्रीच्या बाजारात आलेल्या बाया डोळ्यांना पदर लावत. त्याबद्दल मला त्या काळी फार अभिमान होता.

कलम ४. संघपाल मोबाईलवर दाखवायचे अहिराणी सिनेमे काढतो. सध्या तो माझ्या वडिलांवर, म्हणजे त्याच्या आजोबांवर, लढाईचा सिनेमा काढत आहे. जावा बेट म्हणून माझे मित्र पितांबर यांचा रावेरकडचा केळीचा मळा घेतला आहे. आधार बैसाणे यांची भूमिका एकोणपन्नासाव्या वर्षी संघपाल स्वतः करत असून त्याचे पोट पलटणीत कोणालाही परवडले नसते. खांद्यावर तिरंगा लावला आहे. साल १९४५, पलटण इंग्लंडच्या राणीच्या बापाची, आणि खांद्यावर तिरंगा. शत्रू म्हणून पाचोऱ्याची पोरे अंगाला काजळी फासून केळीतून हू हू करत धावतात. आजोबा एकटे चाळीस जण लोळवतात. पितांबरचे अकरा घड लोळले, त्याची दखल कोणी घेतली नाही.

संघपाल, ज्यांना तू काजळी फासलीस त्यांनी आपल्याआधी दोन वर्षे स्वातंत्र्य जाहीर केले होते. जपान हरला, लढाई संपली, सगळ्यांना वाटले आता घरी. पण साहेबाने जहाज जावाकडे वळवले, कारण डचांचे गेलेले राज्य त्यांना परत बसवून द्यायचे होते. म्हणजे इकडे आपण साहेबाला 'जा' म्हणत होतो, आणि तिकडे आपलीच माणसे दुसऱ्या साहेबाला 'या' म्हणायला नेली. माझ्या तंबूतला साहेब निदान रडत तरी होता. तुझ्या सिनेमात कोणाला वाईटसुद्धा वाटत नाही.

आणि तुझे ते चाळीस जण कुठून आले तेही सांगतो. ते माझे आहेत. पुढे वाच.

कलम ५. सन १९७४, सोनगीरचा तंबू. वडील गावाहून आले होते, तिकीट काढून मागे बसले. पडद्यावर साहेब रडत होता आणि त्याच्या मागे पाण्याची पखाल घेतलेला एक सावळा शिपाई उभा होता. मला काय लहर आली कोण जाणे. माईकवर म्हणालो, "मंडळी, मांगे जो उभा शे, तो मना बाप शे." शिट्ट्या पडल्या. मग मी सुटलो. एकट्याने चाळीस मारले, साहेबाने हात मिळवला, सगळे सांगितले. संपूर्ण तंबू वडिलांकडे वळून टाळ्या वाजवू लागला. ते उठले आणि बाहेर गेले.

सकाळी आम्ही तंबूचे दोर सोडत असताना ते आले. एक दोर त्यांनीही धरला. म्हणाले, "साहेब रडस ते बठ्ठं दखाडं. ज्यासनं घर जयनं, त्या कोठे शेतस?" साहेबाचे रडणे सगळे दाखवलेस, ज्यांचे घर जळाले ते कुठे आहेत, हा प्रश्न मी हसून टाळला. मग ते म्हणाले, "ती झोयी मी इकत लयेल नही." म्हणजे घरातली ती झोळी विकत आणलेली नव्हती.

पुढचे त्यांनी दोर गुंडाळत सांगितले. जावातल्या एका वस्तीतून यांच्या तुकडीवर गोळी आली होती, म्हणून ती वस्ती पेटवायचा हुकूम झाला. एका घरातून एक बाई धावत निघाली. छातीशी काहीतरी बांधलेले होते. हत्यार वाटले, गोळी सुटली. ते मूल होते, तिथल्या बाया कापडाची खोळ करून मूल अंगाशी बांधतात. बाई गेली. मूल रडत होते. वडिलांनी कापड सोडून ते मूल स्वतःच्या गळ्यात तसेच बांधले, तीन गल्ल्या पलीकडे एका म्हातारीच्या हातात दिले आणि मागे वळून न पाहता परत आले. जहाजावर चढल्यावर कळले की कापड गळ्यातच राहिले आहे. मी विचारले, गोळी कोणी झाडली? ते म्हणाले, "बंदूक मनी व्हती." नंतर एवढेच म्हणाले, "तुनी मायले सांगू नको."

१९४७ मध्ये ते घरी आले तेव्हा माझी आई रुक्माबाई हिने त्यांची पेटी उघडली आणि ते कापड आपल्यासाठी आणलेली भेट समजली. कडेला ठिणगीने पडलेले भोक होते, ते उंदराने कुरतडले असे समजून तिने रफू केले. वर्षाने मी झालो. तिने हौसेने त्याच कापडाची झोळी आढ्याला टांगली. वडील त्या खोलीत पाय ठेवीनात, ओसरीवर निजत. मी रडलो तरी झोका देत नसत. आई सर्वांना सांगे, याच्या बापाला पोराची माया नाही. मीही ते सव्वीस वर्षे खरे मानले आणि त्यांच्याशी तसाच वागलो.

कलम ६. हे कलम लिहायला सतरा दिवस लागले. १९७६ मध्ये संघपाल झाला. आईने पेटीतून तेच कापड काढले. तेव्हा मला सर्व ठाऊक होते. मी तोंड उघडले नाही. आईला सांगू नको, या हुकुमामागे मी लपलो. त्या झोळीला मी एकदाही हात लावला नाही. तंबू घेऊन साक्रीला गेलो आणि तिथे माईकवर साहेबाला रडवत बसलो.

संघपाल, पाहुणे बसले की तू म्हणतोस, नानांनी मला कधी झोका दिला नाही. खरे आहे. तू झोपलेला असायचास आणि मी दारातून पाहायचो. तू फार गोंडस होतास. मला तुझी लाज वाटत नव्हती, माझी वाटत होती. हे मी तोंडाने सांगायला हवे होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घातले, स्वतःच्या वेळी माईक सापडला नाही.

कलम ७. वकिलांनी समजावले की माणूस मृत्युपत्राने फक्त स्वतःचे असेल तेच देऊ शकतो. ते कापड माझे नाही, माझ्या वडिलांचेही नव्हते. म्हणून ते मी कोणालाही देत नाही. ज्याचे आहे ते मूल माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे असेल, असेल तर. संघपालने ते फक्त राखावे. सिनेमात हे सगळे दाखवायची त्याची तयारी असेल तर प्रोजेक्टर त्याचा. शेवटी ते कापड पडद्यावर पाच मिनिटे दिसू दे, खाली आवाज नको, कोणी रडायलाही नको. तयारी नसेल तर प्रोजेक्टर पितांबरला द्यावा. अकरा घडांबद्दल.

कलम ८. तंबू मोडला तेव्हा पडद्याचे कापड कोणी घेईना, म्हणून मी घरी आणले होते. पांढरे, जाड, मजबूत आहे. कमलबाईने ते काल दोनदा धुतले. त्यातून स्नेहलच्या बाळासाठी झोळी करावी. त्या कापडावर हजारो माणसे मेली, पण सगळी उठून दुसऱ्या खेळाला पुन्हा हजर झाली. त्याने कोणाचे घर उघडे पडलेले नाही.

बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. या एका कलमासाठी थांबायची गरज नाही. स्नेहलचे दिवस भरत आले आहेत. बाळ आले की झोळीजवळ माझी खुर्ची ठेवावी. पहिला झोका मी देणार आहे, दुसरा संघपालने द्यावा.

लिहून देणार : भाईदास आधार बैसाणे (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १ : पितांबर भंगाळे, रा. रावेर (सही). मजकूर वाचू नका म्हणाले होते, वाचला. घडांचे काही नाही.

साक्षीदार २ : चंदन मराठे, रा. सोनगीर (सही). त्या दिवशी तंबूत टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

ठिकाण : धुळे
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५