तीन भोकांची बटणं

६ फेब्रुवारी

लिही, सूनबाई. नाक मुरडलंस तर तेही तुझ्याच हाताने लिहून घेईन.

आज पहाटे नदीकाठच्या वाळूत अकरावं घरटं! रात्री कासवी आली, अंडी पुरली, वरून पोटाने वाळू थापून गेली. अशी सारवासारव की माझ्याशिवाय कुणाला पत्ता लागायचा नाही. पण दीड हातावर लाल खुंटी. काल नव्हती. पार वळणापर्यंत खुंट्याच खुंट्या. काठाला काँक्रीटची भिंत होणार म्हणे. मग कासवींनी अंडी घालायची कुठे — तुझ्या बाथरूममध्ये?

आणि भिंतीचा नकाशा कुणाचा? आमच्या चिरंजीवांच्या कचेरीचा! विचारलं तर ताटात डोकं घालून म्हणतो, ‘आई, मी फक्त रेघा मारतो.’ मार बाबा. एक माझ्या नावावरही मार.

७ फेब्रुवारी

चिरंजीवांशी बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर सूनबाईमार्फत. आज एवढंच सांगितलं — मीठ इकडे सरकव.

११ फेब्रुवारी

वरच्या कचेरीत कुणीतरी बिनसहीचं पत्र टाकलंय! काठावर कासवं आहेत, आधी तपासा, मग भिंत बांधा. कोण असेल तो असो, त्याच्या हाताला यश येवो. काम थांबलं. वीस तारखेला सुनावणी.

कासवांचा अभ्यास करणारी बाई घरी आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पण वागायला साखर. म्हणाली, ‘आजी, ही जात या नदीत आता एवढ्याच काठावर उरलीय. पण नियम असा, की गेली दहा वर्षं सलग, दर वर्षी घरटी झाली हे दाखवायचं. एक वर्ष जरी कोरं निघालं तर भिंत होणार. तुमच्याकडे लेखी काही आहे?’

म्हटलं, ‘लेखी नाही. शिवलेलं आहे.’

पेटीतून कापडाची पट्टी काढली. गणवेशाच्या कारखान्यात मी तीस वर्षं बटणं लावली. तिथलं यंत्र मधूनच उखडायचं आणि चाराऐवजी तीनच भोकं पाडायचं. ती बटणं कचऱ्यात. मी ओचा भरून घरी आणायचे. एक घरटं दिसलं की पट्टीवर एक बटण. हंगाम संपला की लाल दोऱ्याचा आडवा टाका. झालं वर्ष! अशी चौदा वर्षं आहेत माझी.

बाई पट्टीकडे बघतच राहिली. सूनबाई मात्र हसली. हे लिहू नका म्हणते. लिही!

१८ फेब्रुवारी

पट्टी चिरंजीवांच्याच कचेरीत जमा केली. पावतीवर अंगठा. बाई म्हणाली, ‘देण्याआधी एकदा मोजूया?’ म्हटलं, छे! लाल टाका पडला की त्या वर्षाला पुन्हा हात लावायचा नाही, हा माझा नेम. फार तोऱ्यात बोलले.

२० फेब्रुवारी

आज सगळं लिही. हात दुखला तर दुखू दे.

खोलीत मधे वरून आलेल्या साहेबबाई, एका बाजूला आम्ही, समोर कचेरीवाले. चिरंजीव भिंतीला टेकून, नकाशांच्या गुंडाळ्या मांडीवर. अंगात विटका करडा शर्ट. सकाळीच सूनबाईला म्हटलं होतं, सुनावणीला निघालाय की रंगकामाला?

कचेरीच्या वकिलाने पट्टी उलगडली. लाल टाका, सात बटणं. लाल टाका, नऊ. मग लाल टाका, वीतभर मोकळं कापड, आणि पुन्हा लाल टाका! ‘चार वर्षांपूर्वी एकही घरटं नाही,’ म्हणाला आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती आज सरकली.

तेवढ्यात शेजारून सूनबाईचा आवाज. ‘आई... मागच्या वर्षी... यांच्या शर्टाला बटणं हवी होती. मला वाटलं, जुनी चिंधी पडलीय.’

‘किती काढलीस?’

‘चार.’

‘कुठला शर्ट?’

तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

मी उठले. गुडघे कुरकुरले, पण उठले. ‘साहेबबाई, त्या माणसाच्या शर्टाची भोकं मोजा!’

खोलीभर हशा. माझा पोरगा मात्र हसला नाही. उभा राहिला, बटणं सोडली, शर्ट टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या साहेबासमोर बनियनवर उभा राहिला. साहेबाचा चेहरा असा, की दूध फाटावं.

चार बटणं, प्रत्येकाला तीन भोकं. कासवांच्या बाईने पट्टीचा मोकळा तुकडा खिडकीपाशी उजेडात धरला. सुईची टोचणी दिसली. तीन-तीन खुणांचे चार पुंजके! साहेबबाईंनी बटण त्यांवर ठेवून पाहिलं. चपखल. दुसरं ठेवलं. तिसरं. चौथं.

वकिलाने टोपण पुन्हा काढलं. कशाला, ते त्यालाच ठाऊक.

परत येताना सूनबाई वाटभर रडली. म्हटलं, पूस डोळे. तू बटणं दुसरीकडे कुठे लावली असतीस तर?

३ मार्च

जिंकलो! भिंत रद्द. वळणापर्यंतचा सगळा काठ कासवांसाठी राखीव! पहिली खुंटी मी उपटली. दुसरी सूनबाईने. मग आम्हांला कुणी आवरेना. बाई एकदा हसे, एकदा डोळे पुसे. पट्टी आणि चार बटणं सरकारी फाइलीत राहणार. गेली तर गेली. नवी पट्टी कापली, अकरा बटणं लावली.

१४ एप्रिल

पहिलं घरटं फुटलं! बावीस पिल्लं, बशीएवढीसुद्धा नाहीत, पण ऐट काय! एकाने वाटेत माझ्या पायावरूनच रस्ता काढला. मी श्वास धरून उभी. पाण्यात शिरल्यावर सोडला.

१६ एप्रिल

निकालाची नक्कल आली. सोबत ते बिनसहीचं पत्रही जोडलेलं. सूनबाईला म्हटलं, वाच. पहिल्याच ओळीला अडली.

‘आई, हे तर यांचं अक्षर.’

मी विचारलं, आणि तो विटका शर्ट?

‘ट्रंकेच्या तळातून यांनीच शोधून काढला. तुमची पट्टी कचेरीत जमा झाली, त्याच संध्याकाळी.’

पेन ठेव, सूनबाई. सुई-दोरा आण, तो शर्ट आण, आणि चार बटणं. आणि त्याला निरोप दे, की —

नको. मीच बोलते.