कुंड्यांवरचं लुगडं

शनिवार, १४ मार्च १९९२, एरंडोल

मंगळवारी इथे लिहिलं, की प्रयोगातल्या उघड्या कुंड्यांना दिवसभर कडक ऊन मिळालं. ते खरं नाही. आज तास नव्हते म्हणून दुपारी घरी होते, तर अंगणात आजोबा, आमचे नाना, त्याच कुंड्यांवर आजीचं जुनं लुगडं पसरत होते. म्हणाले, "त्यासले काच शे, यासले कोन शे, माय? उनमा जळी जातीन." काचेखालच्यांना काच तरी आहे, यांना उन्हात कोण, म्हणून रोजच झाकतात म्हणे. मी जळगावला कॉलेजात, आणि वहीत मात्र 'दिवसभर ऊन'!

काच अतिनील किरण अडवते, म्हणून अर्धी अंबाडी काचेखाली, अर्धी उघडी ठेवली होती. उघडीचे देठ जास्त लाल व्हायला हवे होते. त्या लाल रंगानेच झाड उन्हापासून स्वतःला जपतं. झाले नाहीत. मी लिहून टाकलं, फरक पडत नाही. सरांनी ते प्रबंधात घ्यायला सांगितलं. लुगड्याखाली फरक पडणार कसा?

वर मी नानांवरच ओरडले. शाळेआधी घरी माझ्याकडून अक्षरं गिरवून घेतली ती त्यांनीच. ते लुगड्याची घडी घालत राहिले. न पाहिलेलं लिहिलं मी, त्यांनी नाही. हे त्यांना आत्ताच जाऊन सांगते. आणि सरांना सोमवारी, सोळा तारखेला, पहिल्या तासाआधी.